परदेशी पत्रमित्र: नाशिकच्या शाळेत पहिल्यांदा सुरू करताना

परदेशातल्या शाळेशी पत्रव्यवहार करायचा म्हटलं की शिक्षकांना आधी खर्चाची आणि मग इंग्रजीची धास्ती वाटते. या दोन्ही गोष्टी निभावून नेता येतात. खरा कस लागतो तो मुलांना काय लिहायचं हे समजावताना. "भारत हा विविधतेने नटलेला देश आहे, नाशिक ही पुण्यभूमी आहे, माझा छंद क्रिकेट आहे" अशी चाळीस पत्रं एका पाकिटात गेली, तर समोरच्या वर्गाला चाळीस वेळा एकच माहिती मिळते आणि तिकडूनही तसंच काहीतरी येतं. दुसऱ्या देशातला मुलगा सकाळी उठल्यापासून काय करतो, शाळेत काय खातो, कशाला घाबरतो, घरी कोणतं काम त्याच्या वाट्याला येतं, हे कळलं तर मुलांना त्या देशाची खरी ओळख होते. पुढचं सगळं मार्गदर्शन हे डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी ते जास्त उपयोगी पडेल. मराठी माध्यमाच्या शाळांनाही अडचण येऊ नये.

आधी शाळेत आणि घरी

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. पालकसभेत सगळं मोकळेपणाने सांगा: कोणत्या देशाशी पत्रव्यवहार होणार, पत्रं कोण वाचणार, पत्ता कोणाचा जाणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे एका पानाचं संमतिपत्र तयार करून प्रत्येक पालकाची सही घ्या. फोटो पाठवायचे की नाही, यासाठी त्यात वेगळी चौकट ठेवा. एखाद्या पालकाने फोटोला नकार दिला तरी त्याचं मूल पत्र लिहू शकतं, हेही तिथेच छापा.

सुरक्षेच्या नियमांत सूट नको. पत्रावर फक्त मुलाचं पहिलं नाव आणि शाळेचा पत्ता असावा. घरचा पत्ता, मोबाइल नंबर, इन्स्टाग्रामचं खातं, शाळेत जायचा-यायचा रस्ता, यातलं काहीही पत्रात नको. जाणारं आणि येणारं प्रत्येक पत्र दोन्हीकडचे शिक्षक वाचतात, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. लपूनछपून वाचलं तर मुलांचा विश्वास उडतो. कोणी परस्पर फोन नंबर मागितला किंवा काही खटकलं तर थेट शिक्षकांकडे यायचं, हे मुलांच्या मनात पक्कं असू द्या. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर वर्गात लावलेला असतोच, त्याची पुन्हा एकदा आठवण करून द्या.

जोडीदार वर्ग कुठे शोधायचा

सगळ्यात सोपी वाट आपल्या ओळखीतूनच जाते. नाशिकमधल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी जर्मनीत, अमेरिकेत, आखातात किंवा ऑस्ट्रेलियात आहे. त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात. पालकसभेत नुसतं विचारा. कोणाची तरी मावशी किंवा काका तिथल्या वर्गशिक्षिकेशी बोलायला तयार होतात. अशा ओळखीतून जुळलेल्या जोड्या जास्त टिकतात, कारण मध्ये विचारपूस करणारं माणूस असतं.

ओळख नसेल तर शिक्षकांचं जाळं वापरा. आयअर्न हे १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून सुरू झालेलं शाळांचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे. त्याच्या उपक्रमांपैकी दोन नवख्या वर्गाला झेपतात. एकात सहा-आठ शाळांचा गट करून सणावाराला एकमेकांना हाताने बनवलेली शुभेच्छापत्रं पाठवायची असतात. दुसऱ्यात दोन वर्ग एकमेकांकडे कापडी अस्वल किंवा तसलंच खेळणं पाहुणं म्हणून पाठवतात आणि मुलं त्या पाहुण्याच्या नावाने रोजनिशी लिहितात. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी हा दुसरा उपक्रम फार सुंदर आहे. लाजरं मूलही अस्वलाच्या तोंडून भरभरून बोलतं. शाळेत स्काउट-गाइडचं पथक असेल तर दर ऑक्टोबरमध्ये रेडिओ आणि इंटरनेटवर भरणाऱ्या जागतिक स्काउट मेळाव्यातूनही ओळखी होतात.

पोस्टक्रॉसिंग तुम्ही ऐकलं असेल. २००५ मध्ये पोर्तुगालमधून सुरू झालेल्या या उपक्रमात आपण एका अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवतो आणि आपल्याला तिसऱ्याच कोणाकडून तरी येतं. वर्गातला नकाशा भरायला ते छान आहे, पण तिथे दोघांमधली ओळख वाढत नाही, शिवाय समोर बहुतेक मोठी माणसं असतात. म्हणून शिक्षकांनी स्वतःच्या नावाने खातं चालवावं आणि ते पत्रमैत्रीला पूरक म्हणूनच ठेवावं.

समोरच्या शिक्षकांना पहिली ईमेल पाठवताना गोडगोड प्रस्तावनेपेक्षा कामाचं लिहा: मुलांचं वय (इयत्ता नको, कारण "सहावी" प्रत्येक देशात वेगळी असते), मुलांची संख्या, इंग्रजी कितपत येतं, वर्षात किती फेऱ्या झेपतील, सुट्ट्या कधी असतात आणि आपले सुरक्षेचे नियम. त्यांचा वर्ग बावीसचा आणि आपला पंचेचाळीसचा, असं हमखास होतं. मग आपल्याकडच्या दोघांनी मिळून तिकडच्या एकाला लिहायचं. हात आखडता घेऊन निम्म्याच मुलांना संधी देऊ नका. "हुशार" मुलं निवडली की ही पत्रमैत्री राहत नाही, ती स्पर्धा होते.

वेळापत्रक जुळवा

बरेच उपक्रम इथेच अडखळतात. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा युरोपातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर असतात. आपण जुलैत उत्साहाने पत्रं पाठवतो आणि ती तिकडे बंद शाळेच्या टपालपेटीत पडून राहतात. युरोपशी जोडी असेल तर पहिलं पाकीट ऑगस्टअखेर टाका, म्हणजे सप्टेंबरात त्यांचा वर्ग भरलेला असेल. जपानचं शालेय वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत असतं आणि उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते. तिकडे जून संपायच्या आत पत्रं निघाली पाहिजेत, नाहीतर सप्टेंबर गाठा. ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीअखेर सुरू होऊन डिसेंबरात संपतं. म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवलेलं पत्र तिकडे वर्ष गुंडाळायच्या गडबडीत पोचतं आणि उत्तर लिहायला तोच वर्ग राहत नाही.

साध्या हवाई टपालाला जायला दोन ते चार आठवडे धरा, कधी त्याहून जास्त लागतात. जाणं, तिकडे लिहिणं आणि परत येणं मिळून दोन महिने सहज जातात. त्यामुळे वर्षात तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. या वाट पाहण्याला मुलं कंटाळतील अशी भीती बाळगू नका. पाकीट पोचलं का, हे रोज विचारणारी मुलं मी पाहिली आहेत. आठवड्यात येणारी उत्तरं ती दोन दिवसांत विसरतात, महिनाभर वाट पाहून आलेलं पत्र मात्र वर्षभर दप्तरात फिरतं.

पहिलं पत्र

आधी मराठीत लिहून घ्या. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत लिहिलं तर त्याचं म्हणणं कागदावर येतं. इंग्रजी त्यानंतर, शिक्षकांच्या आणि वर्गमित्रांच्या मदतीने. फळ्यावर नमुना लिहून "यात आपलं नाव घाला" असं कधीही करू नका. चुका दुरुस्त करताना अर्थ कळत नसेल तिथेच हात घाला, बाकीच्या राहू द्या. समोरचं मूलही बऱ्याचदा इंग्रजी शिकतच असतं. मराठी पानही सोबत जोडा. ते त्यांना वाचता येणार नाही, पण आपला मित्र कोणत्या अक्षरांत लिहितो हे त्यांना बघायचं असतं. त्या मित्राचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं तर ते तिकडच्या भिंतीवर लागतं.

मुलांना एकच सूचना द्या: एक छोटी गोष्ट घे आणि ती जवळून दाखव. आमच्या वर्गातल्या एका मुलीने आधी लिहिलं होतं, "माझे मामा शेतकरी आहेत. त्यांची द्राक्षबाग आहे. द्राक्षे गोड असतात." तिला तीन प्रश्न विचारले. तू बागेत शेवटची कधी गेलीस? तेव्हा तुझ्या हातात काय होतं? कोण काय बोलत होतं? मग तिने लिहिलं की दिंडोरीला मामाच्या बागेत डिसेंबरात घडांना जुन्या वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात, म्हणजे ऊन आणि थंडी लागून मणी गुलाबी पडत नाहीत. तिचं काम कागद फाडून द्यायचं. मामी ओरडते, कारण ती गुंडाळायच्या आधी बातम्या वाचत बसते. निफाडकडे पारा फार उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, हेही तिने लिहिलं. पत्र इंग्रजीत गेलं तेव्हा त्यात चुका होत्याच. तिकडून आलेल्या उत्तरात मात्र छंदाबिंदाची चौकशी नव्हती, विचारलं होतं की वर्तमानपत्राची शाई द्राक्षाला लागत नाही का. या प्रश्नाचं उत्तर शोधायला ती मामाला फोन करते, माहिती घेते आणि आपल्याच मामाची बाग पहिल्यांदा नीट बघते.

नाशिककडे अशा गोष्टींचा तुटवडा नाही. धुळवडीला नव्हे तर रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात, जमिनीतल्या त्या हौदांत रंगाचं पाणी भरतात आणि लोक त्यात उड्या मारतात. संक्रांतीला येवल्याचं आकाश पतंगांनी भरतं. पावसाळ्यात गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून शहर पुराचा अंदाज बांधतं. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणारी पिकअप, सातपूरला पाळीत काम करणारे बाबा, दुपारच्या सत्राच्या शाळेमुळे दहाला जेवून निघणं, हे सगळं लिहिण्याजोगं आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी यांची माहिती समोरच्याला इंटरनेटवर मिळते. मुलाने लिहावं ते तिथे त्याने काय केलं ते. पाण्यात पाय सोडून बसलो, आजीचा हात घट्ट धरला, भेळ खाल्ली.

प्रश्नांनाही हाच नियम लावा. "तुझा देश कसा आहे?" याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. "तुझ्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं?", "डब्यात काय असतं आणि तो कोण भरतं?", "शाळेत तुला कोणतं काम करावं लागतं?" हे प्रश्न चालतात. जपानच्या मुलांना हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. तिथल्या प्राथमिक शाळांत मुलं पाळीपाळीने पांढरा अंगरखा आणि टोपी घालून वर्गाला जेवण वाढतात, वर्ग स्वतः झाडून-पुसून घेतात आणि शाळेत शिरताना बाहेरची पादत्राणं काढून आतली वेगळी घालतात. आपली मुलंही वर्गाबाहेर चपला काढतात, पोषण आहाराची खिचडी खातात. मग ताटं कोण धुतं, खिचडी कोण वाढतं, मुलगे झाडू मारतात का, अशी चर्चा आपल्याच वर्गात सुरू होते. तो तास मोडू नका, गणित उद्या घ्या.

काही बारीक गोष्टी सांगून ठेवतो. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा, कारण अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. इंग्रजी अक्षरं सुटी काढा. जोडून काढलेलं वळणदार अक्षर बऱ्याच देशांतल्या मुलांना वाचता येत नाही. पत्र एका पानाचं, मागच्या बाजूला चित्र.

पाकीट आणि टपाल

सगळी पत्रं एकाच मोठ्या पाकिटात घालून शाळेच्या नावाने पाठवा. वेगवेगळी पाठवली तर खर्च वाढतो आणि एखाद्याचंच हरवलं तर त्या मुलाचा हिरमोड होतो. आंतरराष्ट्रीय पत्राचा दर वजनावर आणि देशावर ठरतो, म्हणून पातळ कागद वापरा आणि पाकीट बंद करण्याआधी किराणा दुकानातल्या किंवा घरातल्या काट्यावर वजन करून बघा. दर बदलत असतात. जीपीओत किंवा नाशिकरोडच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन त्या देशाचा चालू दर आणि मागोवा घेता येणाऱ्या सेवेचा दर, दोन्ही विचारा. त्या देशाची टपालसेवा सध्या सुरू आहे ना, हेही विचारा. महासाथीच्या काळात कित्येक देशांची सेवा बंद होती आणि इतर कारणांनीही ती मध्येच थांबते.

पत्ता इंग्रजीत, शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. वरच्या डाव्या कोपऱ्यात आपल्या शाळेचा पत्ता पिनकोडसह, आणि त्याखाली भारताचं नाव विसरू नका. पाकिटावर "एअर मेल" असं इंग्रजीत लिहा किंवा निळी चिठ्ठी लावा.

पाकिटात फक्त कागद. संक्रांतीला तीळगूळ, राखीसोबत अक्षता, बागेतलं पान, फुलाचं बी, समुद्रकिनाऱ्यावरची वाळू असं काहीबाही मुलं आणून देतात. यातलं काहीही जाऊ देऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर बी-माती-पानांबाबत फार कडक आहेत, सापडलं तर जप्त होतं. वस्तू पाठवायची तर सीमाशुल्काचा अर्ज भरावा लागतो. साध्या पत्रात नाणी आणि नोटाही चालत नाहीत, दहाची जुनी नोट "आठवण म्हणून" असली तरी. त्याऐवजी चित्र, बसचं तिकीट, साबणाचं वेष्टन, वर्तमानपत्रातलं मराठी कात्रण घाला. हे सगळं कागदच आहे आणि मुलांना प्रचंड आवडतं.

काउंटरवर बहुधा तिकिटांऐवजी छापील चिठ्ठी लावून देतात. आम्हाला तिकिटं लावायची आहेत, असं आधीच सांगा आणि स्मारक तिकिटं आहेत का विचारा. शक्य असेल तर पाच-सहा मुलांना सोबत न्या. देशातली पुष्कळ टपाल तिकिटं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. १९२० च्या दशकात ही छपाई इथे सुरू होण्यापूर्वी आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. आपल्या गावात छापलेलं तिकीट लावून आपलं पत्र परदेशात जातंय, हे मुलांना सांगितलं की तिकीट सरळ लागलंय ना हे ती तीनदा बघतात. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्यावर टपाल खात्याने १९७१ मध्ये तिकीट काढलं होतं. जुनी तिकिटं जमवणारे कोणी शेजारी असतील तर त्यांना एकदा वर्गात बोलवा.

पाकीट बंद करण्याआधी प्रत्येक पत्राचा फोटो शिक्षकांच्या फोनमध्ये घेऊन ठेवा. टपाल हरवलं तर तेच ईमेलने पाठवता येतं.

उत्तर आल्यावर

पत्रं वाटून "वाचा आणि ठेवा" म्हणू नका, एक पूर्ण तास राखून ठेवा. आधी प्रत्येकाने आपलं पत्र शांतपणे वाचायचं, मग ज्याला वाटेल त्याने मोठ्याने. नंतर वहीत तीन नोंदी: काय आपल्यासारखं निघालं, कशाचं नवल वाटलं, आणि त्यामागे काय कारण असेल. या तिसऱ्या नोंदीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नेदरलँड्समधलं मूल लिहितं की ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या भेटी मिळतात आणि त्याआधी काही रात्री घरात बूट मांडून ठेवतात. बुटात भेट कशी, म्हणून वर्ग हसतो. मग त्यांना विचारायचं, आपण दिवाळीला वही-पेनाची पूजा का करतो, हे त्या मुलाला कसं सांगाल?

याच तासात अवघड क्षणही येतात. "ते डुक्कर खातात, ई!" असं कोणीतरी म्हणतंच. रागावू नका, आपल्याच वर्गाकडे वळा. कोणाकडे रविवारी मटण शिजतं, कोणाकडे चातुर्मासात कांदाही नसतो, कोणाचा रोजा असतो. एका बाकावर बसणाऱ्या दोघांचे डबे इतके वेगळे असतील, तर एका अख्ख्या देशाबद्दल "ते असे असतात" म्हणता येईल का? तिकडूनही कधी "तुमच्याकडे रस्त्यात हत्ती फिरतात का?" असं येतं. त्यावर वर्ग दुखावतो. उत्तर साधं, खरं आणि नम्र असू द्या: नाशिकच्या रस्त्यावर काय काय दिसतं त्याची यादी करा, त्यात गाय येईल, सिटीलिंकची बसही येईल. आपली गरिबी लपवू नका, तिचं प्रदर्शनही मांडू नका. नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल आणि मुलाला ते लिहावंसं वाटलं तर लिहू द्या.

दुसऱ्या फेरीपासून एक समान विषय घेतला की पत्रांना दिशा मिळते. दोन्ही वर्गांनी एकाच आठवड्यात रोज सकाळी आठचं तापमान नोंदवायचं आणि त्या दिवशी अंगात काय घातलं ते लिहायचं. फिनलंडच्या मुलाला आपल्या थंडीचं हसू येईल आणि आपल्याला त्याच्या उणे अंशांची धडकी भरेल. दुसरा विषय द्राक्षांचा. भारतातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक नेदरलँड्स आहे आणि त्यात नाशिकचा वाटा मोठा. मार्चमध्ये तिथल्या मित्राला दुकानात जाऊन डब्यावरचं देशाचं नाव वाचायला सांगा. भारत लिहिलेलं असेल तर दोन्ही वर्गांत जल्लोष होतो. चिली किंवा दक्षिण आफ्रिका निघालं तरी भूगोलाचा चांगला धडा हाती लागतो.

व्हिडिओ कॉल करायचाच तर दोन फेऱ्या झाल्यावर करा. ओळख नसताना केला तर दोन्हीकडे मुलं नुसती हात हलवतात. आपले दुपारचे दोन वाजतात तेव्हा हिवाळ्यात नेदरलँड्स-जर्मनीत सकाळचे साडेनऊ असतात. जपानशी बोलायचं तर आपल्या सकाळी नऊला तिकडे साडेबारा वाजलेले असतात.

उत्तर आलं नाही तर

सहा आठवडे थांबा, मग पाकीट पोचलं का, असं समोरच्या शिक्षकांना ईमेलने विचारा. पाकीट येतं पण एखाद्या मुलाच्या नावाचं पत्र नसतं, हे जास्त वेळा घडतं. तिकडचं मूल आजारी असतं किंवा शाळा बदललेली असते. ज्याला पत्र आलं नाही त्याला त्या दिवशी मोकळ्या हाताने घरी पाठवू नका. पाकीट आधी स्वतः उघडून बघा, कमी पडत असतील तर समोरच्या शिक्षकांना वर्गातर्फे एक पत्र ईमेलने मागवा आणि मगच वाटा.

पत्र लिहायची गोडी लागलेल्या मुलांना टपाल खात्यातर्फे होणाऱ्या पत्रलेखन स्पर्धांचीही माहिती द्या. जागतिक टपाल संघटना १९७१ पासून ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेते आणि भारतातल्या प्रवेशिका टपाल खात्यामार्फतच जातात. "ढाई आखर" या स्पर्धेत मराठीतूनही लिहिता येतं.

शेवटची फेरी फेब्रुवारीत पाठवा, म्हणजे एप्रिलच्या परीक्षांआधी उत्तर हातात पडेल. त्या पाकिटात आपली शाळा कधी बंद होते, जूनमध्ये कधी उघडते आणि पुढच्या वर्षी हाच वर्ग लिहिणार की नवा, हे शिक्षकांसाठी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मुलांची पत्रं मात्र त्यांच्या ताब्यात द्या, शाळेच्या कपाटात फायलीला लावू नका.